५०० रुपयांचं एस्टिमेट

गेल्या आठवड्यात किचनमधल्या कपाटांना पॉलिश करायचं एस्टिमेट काढत बसलो होतो. आपली पद्धत ठरलेली. आधी कपाटांची मापं, मग स्क्वेअर फुटाचा दर, वर मजुरी, आणि जो आकडा येईल तेच बजेट! वर्धा जिल्ह्यात १९३६ साली हेच गणित बरोब्बर उलटं मांडलं गेलं होतं.

त्या वर्षी ३० एप्रिलला गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावला आले. (१९४० पासून हेच गाव सेवाग्राम.) तिथल्या पहिल्या घरासाठी, म्हणजे आदि निवाससाठी, त्यांची अट होती म्हणतात: खर्च ५०० रुपयांच्या वर जाता कामा नये, आणि सामान नि कारागीर आसपासचेच हवेत. आपल्या भाषेत, बजेट आधी फिक्स, डिझाइन नंतर. मग उरलं काय? माती, बांबू, लाकूड, कवेलू. १९३७ साली 'हरिजन'मध्येही त्यांनी लिहिलं, की आदर्श खेड्यातलं घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानाचं असावं.

पण मला यात खरी गंमत वाटते ती मेंटेनन्सची. मातीची भिंत पुन्हा पुन्हा लिंपावी लागते, जमीन वरचेवर सारवावी लागते, पावसाळ्याआधी कवेलू फेरावे लागतात. बांधकामाच्या आकड्यात ही मेहनत दिसत नाही. आश्रमातली ती घरं आजही उभी आहेत, ती मात्र या मेहनतीमुळेच.

तेव्हा मंडळी, पॉलिशचं कोटेशन हातात आलं की नुसता शेवटचा आकडा बघू नका. हे परत कधी करावं लागेल आणि ते कोण करणार, हेही विचारा.