इलेक्ट्रिक माउंटन बाइकचा मागील शॉकअप : काळ्या मातीत निगा कशी राखावी?

औसा तालुक्यातील खरोसा लेण्यांचा परिसर असो, उदगीर तालुक्यातील हत्तीबेट असो किंवा नांदेड जिल्ह्यातील माहूर-किनवटचे डोंगर असोत. डांबरी रस्ता सोडून सायकल पाणंद रस्त्याला लागली, की दगडगोटे आणि बैलगाडीच्या चाकोऱ्यांचे हादरे सुरू होतात. हे हादरे स्वाराच्या पाठीपर्यंत पोहोचू न देण्याचे काम सायकलीच्या सांगाड्यात बसवलेला मागील शॉकॲब्सॉर्बर करतो. गॅरेजच्या भाषेत त्यालाच 'शॉकअप' म्हणतात. इलेक्ट्रिक माउंटन बाइकवर मोटार आणि बॅटरीचे वजन वाढलेले असल्याने या भागाला अधिक राबावे लागते. त्याची वेळेवर निगा राखली, तर काही रबरी सील बदलून भागते. दुर्लक्ष झाले, तर संपूर्ण शॉक बदलण्याची पाळी येते. मात्र त्याची दुरुस्ती करताना कोठे थांबावे, हे ठाऊक असणेही तितकेच आवश्यक आहे, कारण या छोट्या नळकांड्यात मोटारीच्या चाकाच्या कितीतरी पट दाबाने हवा भरलेली असते.

मोटारसायकलपेक्षा वेगळा कसा?

दुचाकींचे शॉकॲब्सॉर्बर मराठवाड्याला नवे नाहीत. ते बनवणाऱ्या एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज या कंपनीचे मुख्यालय छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज येथेच आहे. पल्सरवरील 'नायट्रॉक्स' या वायूभरीत शॉकअपमुळे नायट्रोजनचे नावही मेकॅनिक मंडळींच्या परिचयाचे झाले. परंतु मोटारसायकलच्या शॉकअपमध्ये वजन पेलण्याचे काम पोलादी स्प्रिंग करते. नायट्रोजन केवळ आतील तेलाला फेस येऊ देत नाही. माउंटन बाइकच्या एअर शॉकमध्ये स्प्रिंगच नसते. स्वाराचे वजन दाबाखालील हवाच पेलते.

या शॉकचे दोन भाग असतात. बाहेरचा हवेचा डबा, म्हणजे 'एअर कॅन', स्प्रिंगचे काम करतो. आतील 'डॅम्पर'मध्ये तेल असते. ते बारीक छिद्रांतून जाताना उसळीचा वेग आवरला जातो. डॅम्परच्या टोकाला स्वतंत्र कप्प्यात नायट्रोजन भरलेला असतो. मोटारीच्या चाकात साधारण ३० ते ३५ पीएसआय हवा असते. एअर कॅनमध्ये मात्र स्वाराच्या वजनानुसार १५० ते २५० पीएसआय दाब ठेवावा लागतो. कमाल मर्यादा शॉकवरच छापलेली असते. पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसर येथे चालत नाही. डब्याचे आकारमान अगदी लहान असल्याने त्यासाठी खास 'शॉक पंप'च वापरावा लागतो.

साध्या माउंटन बाइकचे वजन १३ ते १५ किलो असते, तर दोन्ही बाजूंना सस्पेन्शन असलेली इलेक्ट्रिक बाइक बहुधा २० ते २५ किलोंची असते. मोटार मागच्या चाकाच्या हबमध्ये असेल, तर चाक जड होते आणि त्याची उसळी आवरणे शॉकला अधिक कठीण जाते. पेडलजवळ बसवलेल्या मोटारीत हा त्रास नसतो.

किलोमीटर नव्हे, तास मोजावेत

मोटारसायकलचे सर्व्हिसिंग किलोमीटरवर ठरते. शॉकचा हिशेब तासांवर असतो. रॉकशॉक्स ही कंपनी आपल्या एअर शॉकच्या एअर कॅनचे सर्व्हिसिंग दर ५० तासांनी करण्यास सांगते. फॉक्स कंपनीची शिफारस १२५ तास किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते, अशी आहे. दर रविवारी तीन तास सायकल चालवणाऱ्याचे ५० तास चार महिन्यांत पूर्ण होतात.

नांदेड-लातूरच्या वाटांवर हा काळ आणखी कमी धरणे शहाणपणाचे. येथील काळी माती पावसात चिकणमातीसारखी लगदा होऊन शॉकच्या दांड्याला चिकटते आणि तशीच वाळते. उन्हाळ्यात मुरमाच्या रस्त्यावरील कोरडी कचकच सीलपाशी साचते. शॉक दबला, की ही कचकच सीलखाली ओढली जाते आणि दांड्यावर चरे पाडते. दांड्याला एकदा चरा पडला, की नवे सील बसवूनही हवा टिकत नाही.

चिखल धुण्यासाठी वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा सीलवर मारणे सर्वांत घातक ठरते, कारण माती त्यामुळे आत ढकलली जाते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरकरांना बादलीभर पाण्याचे मोल सांगायला नको. या कामालाही तेवढेच पाणी पुरते. ओल्या फडक्याने चिखल मऊ करावा, पुसून घ्यावा आणि दांडा कोरडा करावा. प्रत्येक फेरीनंतरची ही दोन मिनिटे सर्वाधिक उपयोगाची आहेत.

घरी करता येण्याजोगे काम

एअर कॅनचे सील बदलणे हे काम हत्यारांची सवय असलेल्याला घरी जमू शकते. त्याआधी शॉकवरील मॉडेल व अनुक्रमांक पाहून नेमका त्याच मॉडेलचा सील संच मागवावा. कंपनीची पुस्तिका समोर असावी. क्रम साधारण असा असतो :

१) सायकल बंद करून बॅटरी काढून ठेवावी. शॉक व सांधे स्वच्छ पुसावेत.

२) हवेचा दाब आणि उसळीच्या लाल बटणाचे 'क्लिक' वहीत नोंदवावेत.

३) व्हॉल्व्हमधून हवा हळूहळू सोडावी. या वेळी सीट दाबून शॉक थोडा थोडा दाबत-सोडत राहावे, म्हणजे आतील दोन्ही कप्प्यांतील दाब उतरतो. चेहरा व्हॉल्व्हसमोर धरू नये.

४) हवा सोडल्यावर शॉक दबलेलाच राहिला व वर आला नाही, तर काम तेथेच थांबवावे. आतील कप्प्यात दाब अडकल्याचे हे लक्षण आहे. असा शॉक उघडल्यास सुटे भाग गोळीसारखे उडू शकतात. तो कंपनीच्या सेवा केंद्राकडेच द्यावा.

५) सायकलच्या मागील भागाला आधार देऊन दोन्ही बोल्ट काढावेत आणि शॉक बाहेर घ्यावा. हबमध्ये मोटार असेल, तर तिच्या वायरवर ताण येऊ देऊ नये.

६) शॉकचे टोक मऊ जबड्यांच्या व्हाइसमध्ये धरून एअर कॅनभोवती जाड फडके गुंडाळावे. कॅन हाताने किंवा पट्ट्याच्या पान्याने फिरवून सोडवावा.

७) जुन्या सीलचा क्रम पाहून छायाचित्र घ्यावे. सील प्लास्टिकच्या टोकाने काढावेत. स्क्रू ड्रायव्हरने खाचेला ओरखडा पडतो.

८) सर्व भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल व धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावेत. दांड्यावरून नख फिरवून पाहावे. नख अडकले, तर चरा खोल आहे असे समजावे.

९) नव्या सीलना सस्पेन्शनचेच ग्रीस लावावे. बेअरिंगचे साधे ग्रीस वापरू नये. पुस्तिकेत सांगितले असेल तेवढेच तेल डब्यात घालून कॅन बसवावा.

१०) आधी सुमारे ५० पीएसआय हवा भरून शॉक दहा-बारा वेळा दाबावा. मग टप्प्याटप्प्याने, मधूनमधून दाबत, नोंदवलेल्या दाबापर्यंत जावे. बोल्ट पुस्तिकेतील मापाने टॉर्क रेंचने आवळावेत.

दुसऱ्या दिवशी पंप पुन्हा लावल्यावर दाब थोडा कमी दिसतो. काही हवा पंपाच्या नळीत शिरल्यामुळे असे होते. ती गळती नव्हे. शंका असल्यास साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का, ते पाहावे.

दाब किती असावा?

स्वार नेहमीच्या कपड्यांत, पाठीवरील पिशवीसह सायकलवर बसला असता शॉक थोडा दबतो. या दबण्याला 'सॅग' म्हणतात. दांड्यावरील रबरी कडे वर सरकवून हळूच बसावे, न उसळता उतरावे आणि कडे किती सरकले ते मोजावे. शॉकची एकूण चाल ५० मिलिमीटर असेल, तर साधारण १२ ते १५ मिलिमीटर, म्हणजे पाव ते तीस टक्के सॅग योग्य मानतात. कमी असल्यास हवा सोडावी, जास्त असल्यास भरावी.

मराठवाड्यातील ऋतुमानाचाही विचार करावा. हिवाळ्याच्या पहाटे २० अंश तापमानात भरलेला २०० पीएसआय दाब मे महिन्यातील ४२ अंशांत सुमारे १५ पीएसआयने वाढतो. म्हणून ऋतू बदलला, की सॅग पुन्हा मोजावा.

येथे थांबावे

डॅम्परचे काम मात्र घरचे नव्हे. नायट्रोजनचा कप्पा उघडणे, तेल बदलणे, हवेचा बुडबुडा न राहू देता पुन्हा बंद करणे आणि वायू भरणे यांसाठी खास उपकरणे लागतात. मोटारसायकलच्या शॉकअपवर हात बसलेल्या मेकॅनिकनेही ती नसताना हा भाग उघडू नये. सायकलवरून शॉक काढून, हवा सोडून आणि नीट गुंडाळून सेवा केंद्राकडे पाठवणे हा सुरक्षित मार्ग आहे. पाठवण्यापूर्वी सर्व बोल्ट व कड्या मोजून जपून ठेवाव्यात.

डॅम्पर बिघडल्याची लक्षणे ओळखणे कठीण नाही. शॉक दबताना पचपच आवाज येतो, लाल बटण फिरवूनही उसळीत फरक पडत नाही किंवा दांड्यावर तेलाचा ओला थर जमतो. याउलट, सीट उचलताच 'टक्' असा आवाज आला, तर दोष बहुधा शॉकमध्ये नसून तो बसवलेल्या बुशमध्ये किंवा सांध्याच्या बेअरिंगमध्ये असतो. हा खर्च तुलनेने किरकोळ असतो, पण ढिला बुश तसाच राहिला, तर शॉकवर आडवा ताण येऊन दांडा खराब होतो.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटर वेगमर्यादेची, पेडलला साहाय्य करणारी सायकल विहित अटींत बसत असल्यास मोटार वाहन मानली जात नाही. तिला नोंदणी क्रमांक लागत नाही. तिच्या निगेची जबाबदारीही त्यामुळे पूर्णतः मालकावरच राहते. फेरीची तारीख, तास, दाब आणि सील बदलल्याचा दिवस एवढ्या चार नोंदी एका वहीत ठेवल्या, तर मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी काय करायचे आहे, हे ती वहीच सांगते.