शोकेसमध्ये जपलेली आपली गाडी

घरातील जुनी मोटार विकली वा मोडीत गेली, तरी तिची लघुप्रतिकृती जपता येते. स्वतः वापरलेल्या गाड्यांच्या अशा संग्रहाचे नाशिककरांना विशेष अप्रूप वाटावे. २००२ मध्ये बाजारात आलेली महिंद्र स्कॉर्पिओ सातपूरच्या कारखान्यातच तयार झाली.

प्रथम प्रमाण ठरवावे. साडेचार मीटर लांबीची गाडी १:१८ प्रमाणात २५ सेंटिमीटर, १:४३ मध्ये साडेदहा, तर १:६४ मध्ये अवघी सात सेंटिमीटर भरते. संग्रहात एकच प्रमाण ठेवल्यास लहान-मोठ्या गाड्यांतील फरक खरा दिसतो.

हवे ते मॉडेल मिळेलच असे नाही. पूर्वी कुर्ल्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी मूळची इटलीची फियाट ११००. त्यामुळे फियाटच्या प्रतिकृतीतून पद्मिनी घडविता येते. मात्र, डावीकडील स्टिअरिंग उजवीकडे न्यावे लागते. तळाचे रिव्हेट ड्रिलने काढून सांगाडा सुटा करावा, जुना रंग उतरवावा आणि प्रायमरवर पातळ थरांत मूळ छटा द्यावी. शेवटी एमएच-१५ मालिकेतील आपला क्रमांक छापून चिकटवावा.

मुंबईतील पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून हद्दपार झाल्या. गाडी गेल्यावर तिचे बारकावे आठवत नाहीत. म्हणून ती दारातून जाण्यापूर्वीच चारही बाजूंची छायाचित्रे काढावीत. बंपरवरचा पोचा आणि मागच्या काचेवरील कुलदैवताचे नावही त्यांत असू द्यावे.