ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक लाइनचा फ्लेअर जोड: गळती का होते?

पलटी नांगर, लोडर किंवा टिपिंग ट्रॉलीच्या काही स्टील ऑइल पाइपांचे टोक भोंग्यासारखे फाकवून नट आणि स्लीव्हने बसवलेले असते. हा फ्लेअर जोड. पाइपचे फाकवलेले तोंड फिटिंगच्या शंकूवर दाबून बसते आणि तेथेच तेल अडते. आटे फक्त दाब देतात. त्यामुळे आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून उपयोग नाही. उलट टेपचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये अडकतात.

सर्वांत फसवे कारण म्हणजे कोन. हायड्रॉलिकची जेआयसी फिटिंग ३७ अंशांची असते. हा कोन विमानांच्या एएन फिटिंगमधून आला आणि घरी विमान बांधणारे हौशी लोकही तोच वापरतात. फ्रिज-एसी दुरुस्तीवाल्याकडचे फ्लेअरिंग टूल मात्र ४५ अंशांचे असते. त्याने फाकवलेला पाइप ३७ अंशांच्या शंकूवर एका बारीक रेषेवरच टेकतो. काही मापांचे आटेही जुळतात, नट व्यवस्थित चढतो, आणि भार आला की तेल सुटते. मग नट आणखी आवळला जातो आणि फ्लेअरला चीर जाते. ऐन नांगरटीत असे थांबलेले ट्रॅक्टर मी पाहिले आहेत.

नवा जोड करताना हायड्रॉलिकसाठीचा नरम, सीमलेस स्टील पाइपच घ्यावा. तांब्याची नळी या दाबाला चालत नाही. हादऱ्यांनी ती कडक होऊन तडकते. पाइप काटकोनात कापून आतबाहेरची बर काढावी, कीस पुसून घ्यावा. नट व स्लीव्ह फाकवण्याआधीच ओवावेत (हे विसरणारे मीही धरून बरेच आहेत). फ्लेअरची कड स्लीव्हबाहेर येऊ नये. आत ओरखडा दिसला तर टोक कापून पुन्हा करावे. पाइप ओढून शंकूपर्यंत आणू नये, तो आपोआप समोर यायला हवा. नट हाताने पूर्ण बसवावा, फिटिंग दुसऱ्या पान्याने धरावी आणि मापानुसार नटाच्या सहा बाजूंपैकी साधारण १ ते २ बाजूंइतकेच आवळावे.

गळती शोधताना बोट कधीही फिरवू नये. सुईएवढ्या छिद्रातून उडालेले तेल कातडीत घुसते. जखम किरकोळ दिसते, पण त्यात बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावे. आवळण्याआधी अवजार जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करावे आणि लिव्हर मागेपुढे करून दाब काढावा. तेल कातडीत गेलेच तर दुखत नसले तरी ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि डॉक्टरांना ‘दाबाखालचे हायड्रॉलिक तेल आत गेले आहे’ असे स्पष्ट सांगावे.