वारूळ कुणाचं?

इंग्रजीत वारुळाला ‘अँटहिल’ म्हणतात. ‘अँट’ म्हणजे मुंगी अन् ‘हिल’ म्हणजे टेकडी. झाली मुंग्यांची टेकडी. पण जव्हार-मोखाड्याच्या माळावर गुरं वळलेल्या कुणालाही विचारा, तो सांगेल की आपल्याकडची ही कमरेइतकी मातीची वारुळं मुंग्यांची नाहीतच. ती वाळवीची.

मग साहेबानं असं नाव का दिलं? त्याच्या मुलखात हा शब्द खराच आहे. तिथं कुरणात पिवळ्या मुंग्या मातीचे उंचवटे करतात, रानातल्या मुंग्या वाळक्या काड्यापानांचे ढीग रचतात. पुढं साहेब जहाजात बसून आफ्रिकेत गेला, हिंदुस्थानात आला. इथं वाळवीचे मनोरे दिसले, तेव्हा घरचाच शब्द त्यांना लावून टाकला. वाळवी दिसायला मुंगीसारखी अन् रंगानं फिकट, म्हणून तिला ‘व्हाइट अँट’, म्हणजे पांढरी मुंगी, म्हणू लागला. हेन्री स्मीथमन यांनी १७८१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढं आफ्रिकेतल्या वाळवीची सविस्तर हकिगत मांडली. ‘टर्माइट’ हा नेमका शब्द तेव्हाही विद्वानांकडं होता. पण लोकांच्या तोंडी राहिली ती पांढरी मुंगीच.

खरं तर वाळवी झुरळाच्या कुळातली अन् मुंगी गांधीलमाशीच्या. दोघींचं नातं कसलं, वैरच आहे. वारूळ फुटलं की काळ्या मुंग्या रांगेनं येतात अन् वाळवी तोंडात धरून नेतात. म्हणजे घर बांधलं एकीनं अन् नाव लागलं तिच्या वैरिणीचं.

आपला शब्द बरा. ‘वारूळ’ म्हणताना मुंगी की वाळवी, हे त्यात ठरलेलं नसतं. संस्कृतात त्याला वल्मीक म्हणतात, त्यावरून वाल्मीकी हे नाव आलं. गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात, तिथं सातेरी देवी वारुळाच्याच रूपात पुजतात. आपल्याकडं नागपंचमीला बाया वारुळाला दूध-लाह्या वाहतात, पण मान सगळा नागाला. नाग तिथं पाहुणाच, बांधायला काही त्यानं माती वाहिलेली नसते. ‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण उगीच आलेली नाही.

वाळवीचं मला कौतुक नाही. कुडाची कारवी ती खाते, वासे पोखरते, दोन पावसाळ्यांत घर खिळखिळं करते. तरी ती शेतकरीच. वारुळाच्या पोटात काड्यापानांचा चोथा रचून त्यावर ती बुरशीची शेती करते अन् त्यावरच जगते. पावसाळ्यात वारुळावर अळंबी उगवते, ती याच शेतीतली. तिची भाजी आपण चवीनं खातो, पण ज्या कष्टकऱ्यानं पेरलं त्याची आठवण कुणाला होत नाही.

हे लिहिताना मला जमिनीचीच आठवण येते. आमच्या भागात डोंगराच्या उतारावर झाडोरा काढून, दगड वेचून, बांध घालून नागली-वरईची जमीन तयार केली ती आदिवासींनी. कागदावर नाव मात्र बऱ्याच ठिकाणी सावकाराचं, नाहीतर सरकारी जंगलाचं. घाम गाळणारा वेठीला. याच वेठीविरुद्ध १९४५ साली तलासरी-डहाणूकडं गोदावरी परुळेकरांच्या सोबतीनं वारली उठले. १९४८ मध्ये जव्हार संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. राजा गेला, कागद मात्र लगेच बदलले नाहीत. पुढं २००६ चा वनहक्क कायदा आला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आदिवासी कसत असलेल्या वनजमिनीवर, चार हेक्टरपर्यंत, त्याचा हक्क कायद्यानं मानला. दावे भरताना म्हातारी माणसं सांगत, हा बांध माझ्या बापानं घातला, हा आंबा आजानं लावला. बांध अन् आंबा हाच त्यांचा पुरावा.

इंग्रजीत आता ‘टर्माइट माउंड’, म्हणजे वाळवीचा ढिगारा, असं नीट नाव लिहितात. उशिरा का होईना, बांधणारीचं नाव लागलं. आमच्या पाड्यांवर अजून कितीतरी उताऱ्यांवर ते लागायचं आहे.