कर्करोगमुक्त कुमारांचे अबोल प्रश्न

चौथ्या-पाचव्या वर्षी रक्ताचा कर्करोग झालेले मूल अडीच-तीन वर्षांच्या उपचारांनंतर बरे होते, शाळेत जाऊ लागते आणि त्या आजाराचे नाव घरातून हद्दपार होते. रुग्णालयाची फाइल कपाटाच्या वरच्या कप्प्यात जाते. नातेवाइकांना ‘रक्त कमी झाले होते’ एवढेच सांगितलेले असते. कित्येकदा मुलालाही तेवढेच ठाऊक असते. पुढे दहावीत गेल्यावर आपली उंची वर्गातल्या इतरांपेक्षा कमी का, दर वर्षी हृदयाची तपासणी कशासाठी, असे प्रश्न त्याला पडू लागतात. उत्तर द्यायला मात्र घरात कोणी तयार नसते. बालपणी कर्करोगातून वाचलेल्या कुमारवयीनांचे मानसिक प्रश्न पुष्कळदा या मौनापासूनच सुरू होतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी सुमारे ४ लाख मुलामुलींना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात, तर अनेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांहूनही कमी आहे. २०३०पर्यंत जगभरातील किमान ६० टक्के बालरुग्ण वाचावेत, असे उद्दिष्ट संघटनेने २०१८ मध्ये जाहीर केले. वाचणाऱ्यांची संख्या वाढेल तसतसा त्यांच्या पुढील आयुष्याचा विचारही करावा लागणार, हे उघड आहे.

मुंबईत हा विचार बराच आधी सुरू झाला. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९९१ मध्ये बालकर्करोगतज्ज्ञ डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकाराने ‘आफ्टर कम्प्लिशन ऑफ थेरपी’, अर्थात ‘अ‍ॅक्ट’ क्लिनिक उघडण्यात आले. उपचार संपून साधारण दोन वर्षे झालेली, आजार न उलटलेली मुले येथे नियमित तपासणीसाठी येतात. आजार परतला का, एवढेच न पाहता वाढ, हृदय, अभ्यास, नोकरी आणि मनःस्थिती यांचीही विचारपूस होते. याच मुलांपैकी मोठ्या झालेल्यांचा ‘उगम’ हा गट २००९ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आश्रयाने उभा राहिला. आज उपचार घेणाऱ्या मुलाला उद्याचा तरुण समोर दिसावा, हा त्यामागचा साधा विचार. डॉक्टरांच्या दहा आश्वासनांपेक्षा असा एक धडधाकट ताई-दादा आईबापांना अधिक धीर देतो.

सर्वच जण खचलेले नसतात

अशा मुलांकडे केवळ दयेने पाहणे चुकीचे ठरेल. बालपणी कर्करोग झालेल्यांचा आणि त्यांच्या भावंडांचा तुलनात्मक अभ्यास अमेरिकेत १९९४ पासून चालू आहे. वाचलेल्यांपैकी बहुसंख्यांचे मानसिक स्वास्थ्य चांगले असते, असे त्यातून दिसले. अडचणी अधिक आढळतात त्या मेंदूत गाठ झालेल्या किंवा डोक्याला किरणोपचार घेतलेल्या मुलांमध्ये. लक्ष टिकत नाही, पाठांतर राहत नाही, उत्तर येत असूनही लिहायला वेळ लागतो. शाळेत हे ‘आळशी’ ठरतात. वास्तविक हा उपचारांचा उशिरा दिसणारा परिणाम असतो आणि शिक्षकांना तसे सांगितले तर बरेच काही सावरता येते. परंतु सांगायचे कसे? आजाराचे नावच घराबाहेर जाऊ द्यायचे नसते ना!

हाडाच्या कर्करोगाचे तसे नाही. तो बहुधा ऐन वयात येताना होतो आणि झाकून राहत नाही. पाय वाचवण्याची शस्त्रक्रिया अनेकदा शक्य होते. तरी मैदान सुटते, आणि मैदानाबरोबर मित्रही. केस पुन्हा येतात, पण मधली दोन वर्षे परत येत नाहीत. वर्ग पुढे गेलेला असतो. वॉर्डात शेजारच्या खाटेवर असलेला सोबती गेला आणि आपण राहिलो, याची टोचणीही काहींना असते. तपासणीची तारीख जवळ आली की झोप उडते. त्यात घरची अतिकाळजी: पावसात जाऊ नको, सहलीला नको, बाहेरचे खाऊ नको. सोळा वर्षांच्या मुलाला सहा वर्षांचा समजून वागवले की तो चिडणारच. या धावपळीत ज्याच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही, त्या भावाची किंवा बहिणीची धुसफूस वेगळीच.

लग्नाची चिंता

मुलगी असेल तर मौन अधिक कडक होते. ‘उद्या स्थळ येणार नाही’ ही भीती आईवडील उपचारांच्या काळापासूनच बाळगतात. ती निराधार नाही, हे मान्य केले पाहिजे. मात्र लपवण्याची किंमत मुलीलाच मोजावी लागते. छातीला किरणोपचार मिळालेल्या मुलींनी वयाच्या पंचविशीपासून, किंवा किरणोपचारांना ८ वर्षे झाल्यावर, यांतील जे नंतर येईल तेव्हापासून दर वर्षी स्तनांची तपासणी करावी, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. आपल्याला किरणोपचार दिले होते हेच माहीत नसलेली मुलगी ती कशी करून घेणार? काही औषधांमुळे प्रजननक्षमता घटू शकते. दोन्ही डोळ्यांत नेत्रपटलाचा कर्करोग झालेल्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला तो दोष मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. जन्मतःच तपासणी झाली तर बाळाची दृष्टी वाचवता येते.

सांगण्याची वेळ कोणती, याविषयी पालक घुटमळतात. सगळे एकाच दिवशी सांगायचे नसते. आठ-दहा वर्षांच्या मुलाला आजाराचे नाव आणि तो बरा झाल्याचे सांगावे. तेरा-चौदाव्या वर्षी औषधांची व किरणोपचारांची माहिती द्यावी. अपत्यप्राप्तीविषयीचे बोलणे डॉक्टरांनी मुलाशी स्वतंत्रपणे करावे, वडिलांसमोर संकोचून तो मान डोलावतो आणि विषय तिथेच संपतो. अठराव्या वर्षापर्यंत उपचारांचा लेखी गोषवारा त्याच्या स्वतःच्या हाती असावा. कोणती औषधे, एकूण किती मात्रा, किरणोपचार कुठे आणि पुढे कोणत्या तपासण्या, एवढे त्यात हवे. जुनी फाइल सापडत नसेल तर ज्या रुग्णालयात उपचार झाले, तिथे नोंदणी क्रमांक देऊन गोषवारा मागता येतो.

चिडचिड, एकलकोंडेपणा, झोप न लागणे, अभ्यासातून मन उडणे हे काही आठवड्यांहून अधिक काळ टिकले, तर ‘वयच तसे आहे’ म्हणून सोडून देऊ नये. पुढच्या तपासणीची वाट न पाहता समुपदेशकाची भेट घ्यावी. गावात समुपदेशक नसल्यास केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही विनामूल्य बोलता येते. हा दूरध्वनी मुलाने स्वतः केला तरी चालतो.