बँकेच्या शाखेचं भाडं ताळेबंदात कुठे दिसतं?

दर तीन महिन्यांनी पेपरात बँकांच्या निकालांच्या मोठाल्या जाहिराती येतात. बारीक अक्षरं, लांबलचक कोष्टकं. बहुतेक जण ते पान उलटतात. पत्रकारितेत असल्यामुळे मला ते वाचावं लागतं, आणि वाचता वाचता कळलं की खरी गंमत कोष्टकाखालच्या टिपांमध्ये असते. आज त्यातल्याच एका विषयावर लिहितोय: भाड्याच्या जागेचा हिशेब.

आधी थोडा इतिहास. आपल्या बँकांचा ताळेबंद १९४९ च्या बँकिंग कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टातल्या ठरावीक नमुन्यात तयार होतो. पूर्वी बँकांचं वर्ष ३१ डिसेंबरला संपायचं. ते ३१ मार्चवर आणताना १९८८-८९ चं हिशेबाचं वर्ष चक्क १५ महिन्यांचं झालं होतं. पुढे शेअर बाजारात नोंद असलेल्या बँकांना तिमाही निकालांचं बंधन आलं. सेबीच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत आणि वार्षिक निकाल ६० दिवसांत द्यावा लागतो.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, तिमाही आकड्यांचं पूर्ण ऑडिट बंधनकारक नाही, लेखापरीक्षकांची मर्यादित तपासणी चालते. दोन, मार्च तिमाहीचा आकडा म्हणजे वर्षाच्या ऑडिट झालेल्या आकड्यातून नऊ महिन्यांचा आकडा वजा करून उरलेली बाकी. वर्षभराची साफसफाई बऱ्याचदा त्या बाकीत येऊन बसते.

आता भाड्याकडे. समजा आपल्या बाजारपेठेत एका बँकेने महिना ५०,००० रुपयांनी १० वर्षांसाठी गाळा घेतला. जुन्या पद्धतीत दर महिन्याला भाडं खर्चात पडतं, विषय संपला. पुढच्या १० वर्षांत मिळून ६० लाख द्यायचे आहेत, ही जबाबदारी ताळेबंदाच्या मुख्य पानावर येत नाही. फार तर टिपेत येते. आपल्याकडे एएस-१९ हा नियम २००१ पासून असाच चालतो.

जगभर हेच चालत होतं. विमान कंपन्या डझनावारी विमानं भाड्याने उडवायच्या आणि ताळेबंदात त्यांचा पत्ता नसायचा. आंतरराष्ट्रीय लेखा मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष डेव्हिड ट्वीडी थट्टेने म्हणायचे की मरण्यापूर्वी एकदा तरी कंपनीच्या ताळेबंदात असलेल्या विमानात बसायचं आहे. एन्रॉन बुडाल्यानंतर अमेरिकेच्या बाजार नियामकाने २००५ मध्ये हिशेब मांडला. तिथल्या कंपन्यांची ताळेबंदाबाहेरची भाड्याची देणी साधारण सव्वा लाख कोटी डॉलर निघाली.

मग दहा वर्षं खल झाला. जानेवारी २०१६ मध्ये आयएफआरएस-१६ आला आणि १ जानेवारी २०१९ पासून लागू झाला. त्यानुसार पुढच्या भाड्याचं आजचं मूल्य काढायचं, ते देणं म्हणून दाखवायचं, आणि जागा वापरण्याचा हक्क मालमत्ता म्हणून दाखवायचा. आपल्या उदाहरणात ९ टक्के व्याजदर धरला तर ते मूल्य साधारण साडेएकोणचाळीस लाख येतं. पहिल्या महिन्यात व्याज आणि घसारा मिळून खर्च सुमारे ६२,५०० रुपये, शेवटच्या महिन्यात सुमारे ३३,३००. खिशातून जाणारं भाडं तेच ५०,०००. एकूण खर्चही तोच ६० लाख. फक्त नफ्याचा आकार बदलतो. सुरुवातीला कमी, नंतर जास्त.

म्हणूनच नव्या नियमाची पहिली तिमाही जपून वाचायची असते. मागच्या वर्षीचे आकडे पुन्हा न मांडता फरक थेट सुरुवातीच्या गंगाजळीत टाकण्याची मुभा असते. तसं केलं तर यंदाची आणि गेल्या वर्षीची तिमाही शेजारी शेजारी असूनही एका मापाची नसते. तो खुलासा टिपेत असतो. एचएसबीसीने २०१९ मध्ये हा नियम स्वीकारला तेव्हा मालमत्ता आणि देणी दोन्ही सुमारे ५ अब्ज डॉलरनी वाढली. नवी शाखा उघडली नव्हती, जुनीच दिसायला लागली होती.

भारतात काय झालं? १ एप्रिल २०१९ पासून इंड एएस-११६ लागू झाला, पण बँकांना नाही. रिझर्व्ह बँकेने नवी लेखापद्धत आधी एप्रिल २०१८ पासून आणायचं ठरवलं होतं, मग एक वर्ष पुढे ढकललं. २२ मार्च २०१९ ला तर पुढील आदेशापर्यंत थांबवलं. कारण दिलं की कायद्यातल्या दुरुस्त्या सरकारकडे विचाराधीन आहेत. त्यामुळे एकाच रस्त्यावर मोठ्या फायनान्स कंपनीच्या ऑफिसचं भाडं ताळेबंदात, आणि शेजारच्या बँकेचं बाहेर, अशी अवस्था झाली.

कुणी म्हणेल, बँक नोटीस देऊन जागा सोडू शकते, मग दहा वर्षांचं देणं का धरायचं? प्रश्न बरोबर आहे, आणि नवा नियमही तो विचारतो. पण ज्या जागेत स्ट्राँगरूम बांधली, लॉकर बसवले, ती जागा बँक सहज सोडेल का? करारात काय लिहिलंय याच्या जोडीला व्यवहारात काय घडेल हे पाहावं लागतं.

आपल्या गावात हा विषय का? कारण आपल्यातल्या अनेकांच्या ठेवी सहकारी बँकांत आहेत. शेअर बाजारात नोंद नसल्याने सेबीचा तिमाही नियम त्यांना लागू नाही. सभासदाच्या हातात वर्षातून एकदा अहवाल पडतो. २३ सप्टेंबर २०१९ ला पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदाराला आधी फक्त १,००० रुपये काढता येत होते. त्याच वर्षीच्या मार्चअखेर अहवालात ढोबळ थकीत कर्जं चार टक्क्यांच्या आत दाखवली होती. आकडेच खोटे असतील तर तिमाही निकालही वाचवत नाही, हे मान्य. पण वर्षातून चारदा उत्तर द्यावं लागलं तर लपवणाऱ्याला चारदा खोटं बोलावं लागतं, आणि पकडणाऱ्याला चार संधी मिळतात.

तेव्हा यंदाच्या वार्षिक सभेत नाश्त्याच्या आधी तीन प्रश्न विचारा. शाखांच्या भाड्याचे करार किती वर्षांचे आहेत? त्यांची एकूण देणी किती? आणि सभासदांना निदान सहामाही आकडे द्यायला संचालक मंडळाची काय हरकत आहे? जे उत्तर मिळेल ते इथे कळवा. सगळ्यांसमोर मांडू.