मोटारीची गिअरपेटी आणि मिलिंदाचा रथ

खानदेशांत बोरी नदीच्या कांठीं अमळनेर हें गांव आहे. गिरणीमुळें तें जसें प्रसिद्धीस आलें, तसेंच प्रताप शेठ यांनीं १९१६ सालीं तेथें स्थापन केलेल्या तत्त्वज्ञान मंदिरामुळेंही. आज मला बोलावयाचें आहे मोटारीच्या गिअरपेटीविषयीं. पण तिच्यांतून निघणारा प्रश्न त्या मंदिरांत चर्चिला जावा असाच आहे. जुन्या मोटारींतली आपोआप चालणारी गिअरपेटी काढून हातानें गिअर बदलण्याची पेटी बसविली, तर मोटार तीच राहते काय?

या दोघींत हाताची पेटी वडील. सरकत्या दातेरी चक्रांची ही योजना १८९० नंतरच्या दशकांत पॅरिसच्या पानार-लेव्हासर कारखान्यानें रूढ केली. दात्यांत दाते अडकवितांना मोठा खडखडाट होई. चालकाला कानानेंच वेग ओळखावा लागे. १९२८ सालीं कॅडिलॅकनें दाते भिडण्यापूर्वीं चक्रांची गति समान करणारी सिंक्रोमेश योजना आणली. पुढें १९३९ सालीं ओल्ड्समोबिलची हायड्रामॅटिक पेटी निघाली. तींत इंजिनाची शक्ति तेलाच्या जोडांतून पुढें जाई, आणि क्लचचें पायटें नाहींसें झालें.

आतां उलट दिशेनें जावयाचें, तर केवळ पेटी बदलून भागत नाहीं. क्लचची तबकडी धरील असें सपाट तोंडाचें फ्लायव्हील पाहिजे. पेटीच्या दांड्याचें टोंक पेलण्यासाठीं क्रँकशाफ्टच्या शेवटीं लहानसें बेअरिंग पाहिजे. डाव्या पायाखालीं तिसरें पायटें पाहिजे. प्रोपेलर शाफ्टची लांबी जुळवावी लागते, आणि गिअरच्या दांड्यासाठीं कित्येकदां गाडीचा तळ कापावा लागतो.

पाली भाषेंतील ‘मिलिंदपञ्ह’ ग्रंथांत भिक्षु नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, रथ म्हणजे आंस काय? चाकें काय? जूं काय? एकही नव्हे, या साऱ्यांच्या मेळाला व्यवहारांत दिलेलें नांव म्हणजे रथ. ह्या न्यायानें प्रवास करणाऱ्याला मोटार तीच राहिली. परंतु जुनी मोटार केवळ वाहन नसते, ती साक्षीदारही असते. अमुक सालीं माणसाचा डावा पाय कसा मोकळा झाला, हें तिच्या पेटींत लिहिलेलें असतें. भारत सरकारच्या २०२१ च्या नियमांनींही पन्नास वर्षांहून जुन्या ‘व्हिंटेज’ वाहनाला मूळ स्वरूप टिकविण्याची अट घातली आहे.

तरी सर्व बदल सारखे दोषार्ह नव्हेत. हायड्रामॅटिक ही आरंभीं ऐच्छिक होती. त्याच मोटारी हाताच्या पेटीसहही विकल्या जात. कारखान्याचेच त्या काळचे भाग, कांहीं न कापतां बसविले, तर इतिहासाला फारसा धक्का लागत नाहीं. मूळ पेटी मात्र भंगारांत घालूं नये. ती तेल लावून जपावी, आणि केलेला बदल तारखेसह गाडीच्या कागदांत नोंदवावा. साक्षीदार थकला, तर त्याला आधार द्यावा. त्याची साक्ष मात्र पुसूं नये.